आवृत्ति-नियंत्रण, संगणकीय

संगणकाच्या आज्ञावलीत जोखमीचा बदल करण्यापूर्वी तिची त्या वेळची स्थिती जतन करणे व बदल फसल्यास त्या स्थितीकडे परत जाणे, यांसाठी वापरण्यात येणारी पद्धती. जतन केलेल्या अशा स्थितीस चेकपॉइंट अथवा पुनरारंभ-बिंदू म्हणतात. असा बिंदू ठेवण्यास किती खर्च व खटाटोप पडतो, हा या पद्धतीच्या इतिहासातील कळीचा प्रश्न होय. कारण परतीची वाट महाग असेल, तर ती राखण्याचा कंटाळा केला जातो.

मूळ कल्पना यंत्राच्या बिघाडातून निघाली. १९५०–६० या दशकातील संगणकांच्या निर्वात नलिका वारंवार निकामी होत. तासन्‌तास चालणारे गणित मध्येच बंद पडल्यास सारे श्रम वाया जात; म्हणून ठराविक अंतराने स्मृतीतील मजकूर चुंबकीय फितीसारख्या साधनावर उतरवून घेत आणि बिघाडानंतर तेथून पुढे गणित चालू करीत. माणसाच्या चुकीवर मात्र असा उपाय नव्हता. आज्ञावली छिद्रित पत्रांच्या गठ्ठ्याच्या रूपात असे. सावध माणूस दुसरा गठ्ठा करून ठेवी. पण कोणता गठ्ठा केव्हाचा, हे त्याच्या स्मरणावरच अवलंबून असे.

ही उणीव भरून काढणारी पहिली महत्त्वाची प्रणाली मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केली. एससीसीएस या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. फाईलची प्रत्येक आवृत्ती संपूर्ण साठविणे त्या काळी परवडणारे नव्हते. म्हणून तीत केवळ आवृत्त्यांमधील फरक साठवीत. बदल कोणी, केव्हा आणि का केला, हेही नोंदविले जाई. (यांपैकी ‘का’ हा भाग आजही पुष्कळदा थातुरमातुर शब्दांनी भरलेला आढळतो.) पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी १९८२ च्या सुमारास आरसीएस या प्रणालीत अद्ययावत आवृत्ती संपूर्ण ठेवून तिच्यापासून उलट दिशेने फरक साठविले. सर्वाधिक लागणारी प्रत त्यामुळे चटकन हाती येई.

या प्रणालींत एकाने बदलासाठी घेतलेली फाईल सामान्यतः इतरांना कुलूपबंद असे. ॲम्स्टरडॅम येथील डिक ग्रूने हे आपल्या दोन विद्यार्थ्यांसह सी भाषेच्या कंपायलरवर काम करीत होते. एक विद्यार्थी कचेरीच्या वेळात काम करी, दुसऱ्याला वेळेचे बंधन नव्हते आणि ग्रूने यांना केवळ संध्याकाळ मोकळी मिळे. या अडचणीतून सीव्हीएस ही प्रणाली निर्माण झाली (१९८६). तीत कुलूप नव्हते. प्रत्येकाने आपल्या प्रतीत बदल करून ते नंतर एकत्र करावयाचे. मात्र अनेक फायलींतील एकच बदल नोंदविताना मध्येच खंड पडल्यास अर्धा बदल नोंदला जाई. सबव्हर्जन (पहिली पूर्ण आवृत्ती २००४) या प्रणालीने हा दोष दूर केला.

लिनक्सच्या विकासासाठी २००२ पासून बिटकीपर ही खाजगी प्रणाली वापरात होती. २००५ मध्ये तिचा विनामूल्य परवाना काढून घेण्यात आला. तेव्हा लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये गिटची रचना हाती घेतली आणि काही दिवसांतच गिटची स्वतःची आज्ञावली गिटमध्येच नोंदविली जाऊ लागली. जुलैपासून तिची देखभाल जुनिओ हामानो यांच्याकडे आली. गिटमध्ये प्रत्येक नोंद संपूर्ण प्रकल्पाचे चित्र मानली जाते. न बदललेली फाईल पुन्हा साठविली जात नाही. प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरून ४० अंकाक्षरांची ओळख मिळते. प्रयोगासाठी काढलेली नवी शाखा म्हणजे मुळात ही ओळख लिहिलेली ४१ बाइटांची फाईल. प्रयोग फसला, तर ती टाकून देता येते. गिटचा झपाट्याने प्रसार होण्यात या स्वस्ताईचा वाटा मोठा आहे.

जतन केलेली प्रत परत मिळते की नाही, हे मात्र वेळोवेळी पाहावे लागते. १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेत एका चुकीच्या आज्ञेमुळे टॉय स्टोरी २ या चित्रपटाच्या बहुतांश फायली पुसल्या गेल्या आणि राखीव प्रती सदोष निघाल्या. गॅलिन सुसमन यांना तान्ह्या बाळामुळे घरून काम करावे लागत असल्याने त्यांच्या घरी एक प्रत होती; तिच्यावरून काम सावरले. गिटच्या प्रकल्पांना जागा पुरविणाऱ्या गिटलॅब या संस्थेत ३१ जानेवारी २०१७ रोजी मुख्य माहितीसंचय चुकून पुसला गेला. नेहमीच्या राखीव प्रती कित्येक दिवस तयारच होत नव्हत्या, हे तेव्हा उघड झाले. सुमारे सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी घेतलेली एक प्रत उपयोगी पडली; मधल्या सहा तासांची माहिती मात्र गेली.

बिंदू ठेवण्याचे काम पुढे यंत्राकडेच आले. २००० मधील विंडोज एमईपासून नवे घटक बसविण्यापूर्वी संगणक स्वतःच पुनःस्थापन-बिंदू नोंदवू लागला. २०२० नंतर आज्ञावली लिहिणारी कृत्रिम बुद्धीची साधने आली. ती एका सूचनेवर अनेक फायली बदलतात. म्हणून त्यांपैकी काही प्रत्येक बदलापूर्वी आपोआप चेकपॉइंट ठेवतात. अशा बिंदूवरून फायलींचा मजकूर परत मिळतो; साधनाने बाहेरच्या माहितीसंचयातून पुसलेली नोंद किंवा पाठविलेले पत्र सामान्यतः त्याच्या कक्षेत येत नाही.