गच्चीवरचं विमान, धुळ्याची धावपट्टी आणि दहा किलोंचा हिशोब

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की खान्देशात विमानांचा काही इतिहास आहे का. आहे की, भो. आणि तो ऐकायला इंजिनिअर असायची गरज नाही, बेरीज-गुणाकार-भागाकार येत असला की झालं.

कॅप्टन अमोल यादव हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मूळचे सातारा जिल्ह्यातले, तेव्हा जेट एअरवेजचे पायलट होते. कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर त्यांनी सहा सीटचं विमान बांधलं. इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे लेथ, वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर आणि परदेशातून आणलेलं 180 किलोंचं इंजिन, सगळं वर चढवावं लागलं. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला, तेव्हा हे विमान सुटं करून क्रेनने खाली उतरवलं आणि लोकांसमोर ठेवलं. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला, ऑक्टोबर 2019 मध्ये उड्डाणाचा परवाना. आणि ऑगस्ट 2020 मध्ये, अख्खा देश घरात बसलेला असताना, पहिली चाचणी झाली ती आपल्या धुळ्याला.

ही गोष्ट आपण नेहमी 'स्वप्न' म्हणून सांगतो. जिद्द, आईचे आशीर्वाद, सिस्टीमशी लढाई. ते सगळं आहेच. पण मला स्वतःला यातला सगळ्यात थरारक भाग वजनकाट्यावरचा वाटतो, आणि त्यावर कुणी व्हिडिओ बनवत नाही.

कारण असं बघा. कारखान्यातून आलेल्या विमानाबरोबर वजनाचे तक्ते येतात. कुठल्या सीटवर किती वजन, डिकीत किती सामान, कुठला प्रोपेलर चालेल, सगळं कुणीतरी आधीच तपासलेलं असतं. घरी बांधलेल्या विमानाचे तक्ते तुम्हालाच बनवायचे असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी नाही, डॉक्युमेंटेशन नाही आणि चूक झाली तर मागचं व्हर्जन परत आणता येत नाही. ते टेस्ट करायला माणूस आत बसतो.

तर काटा. विमान तीन काट्यांवर उभं करतात, प्रत्येक चाकाखाली एक. समजा, पुढच्या चाकाखाली 200 किलो आले, मागच्या दोन चाकांखाली 400-400. एकूण 1,000. आता नाकापासून अंतर मोजा. पुढचं चाक अर्ध्या मीटरवर, मागची दोन अडीच मीटरवर. वजन गुणिले अंतर करा, सगळं जोडा: 100 अधिक 1,000 अधिक 1,000, म्हणजे 2,100. भागिले एकूण वजन. उत्तर 2.1 मीटर. हा त्या रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य. तिथे दोर बांधून उचललं तर विमान आडवं लटकेल.

आता मागच्या सीटवर 75-75 किलोंचे दोन मित्र बसवा, नाकापासून चार मीटरवर. पुन्हा गणित करा. उत्तर येतं 2.35 मीटर. म्हणजे दोन माणसं बसली आणि तोल वीतभर मागे गेला. लहान विमानात पुढची आणि मागची मर्यादा यांच्यात मिळून जागाच साधारण वीत-दीड वीत असते.

हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. जिनवर कापूस नेताना बैलगाडी मागे जास्त भरली तर ती उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरली तर सगळा भार बैलांच्या मानेवर. विमान पुढे जड झालं तर नाक उचलायला त्रास, धावपट्टी जास्त लागते. मागे जड झालं तर नाक आपोआप वर जायला बघतं, वेग पडतो, पंखांची उचल तुटते आणि मग नाक खाली आणता येत नाही. दोन्ही वाईट, पण दुसरं जीव घेणारं.

ही भानगड पहिल्या विमानापासूनची आहे. 17 डिसेंबर 1903 ला राइट बंधूंचं विमान पहिल्यांदा उडालं, 12 सेकंद, साधारण 36 मीटर. त्यात पायलट मध्यरेषेच्या डावीकडे पालथा झोपायचा आणि इंजिन उजवीकडे. पण इंजिन माणसापेक्षा जड होतं. मग त्यांनी काय केलं? उजवा पंख सुमारे दहा सेंटीमीटर जास्त लांब केला. मला हा जुगाड नाही वाटत, हे अव्वल दर्जाचं इंजिनिअरिंग आहे.

त्यांचं दुसरं मोठं काम म्हणजे प्रोपेलर. जहाजाच्या पंख्यांची माहिती वापरता येईल असं त्यांना वाटलं होतं, पण त्यातून उपयोगाचं सूत्र मिळेना. मग त्यांच्या लक्षात आलं, की प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच आहे. लाकडाची पाती हाताने तासली. इंजिन जेमतेम 12 हॉर्सपॉवरचं, आपल्या बाइकएवढं. ते विमान उडालं याचं मोठं श्रेय त्या पात्यांना.

(चौपाटीवर 1895 मध्ये तळपद्यांनी विमान उडवलं, हे कमेंटमध्ये येणारच. त्या दाव्यामागे ज्या 'वैमानिक शास्त्रा'चं नाव घेतात, त्यातल्या विमानांचा अभ्यास बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या संशोधकांनी 1974 मध्ये केला. ती उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. गणितच जमत नाही. पुढे.)

प्रोपेलर निवडताना दोन आकडे महत्त्वाचे: व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पातं हवेत किती पुढे सरकेल. बाइकचा गिअर समजा. कमी पिच म्हणजे पहिला गिअर, झटकन वर चढतं पण वरचा वेग कमी. जास्त पिच म्हणजे टॉप गिअर, आणि टॉपमध्ये गाडी उठवायची म्हटलं तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मोठा व्यास घ्यावा म्हटलं तर आवाजाचा वेग आडवा येतो. 1.9 मीटरचा प्रोपेलर मिनिटाला 2,700 फेरे मारतो तेव्हा पात्याचं टोक सेकंदाला 268 मीटर जातं. व्यास 2.4 मीटर केला, तर 339. तिथे आवाजाच्या वेगाला हात लागतो. मग ताकद ढकलण्याऐवजी नुसता कर्कश आवाज आणि वाया गेलेलं पेट्रोल.

उड्डाणात पिच बदलता येणारा प्रोपेलरही मिळतो, म्हणजे सगळे गिअर एकात. मग तोच घ्या ना? घ्या, पण तो जड असतो, आणि बसतो थेट नाकावर. आपल्या मघाच्या विमानात नाकाच्या टोकाशी दहा किलो वाढवा. गुरुत्वमध्य दोन सेंटीमीटर पुढे सरकला. आता बॅटरी शेपटीकडे न्या, वायर लांबवा, वायरचं वजन धरा, पुन्हा काट्यावर चढवा. प्रोपेलरचा प्रश्न आणि तोलाचा प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत.

आणि आता यात धुळं घाला. आपलं धुळं समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. पण मे महिन्यात पारा 43 वर गेला, की हवा एवढी विरळ होते की पायलटला ती साधारण 1,330 मीटर उंचीवरची धरावी लागते. म्हणजे जवळपास महाबळेश्वर! फक्त स्ट्रॉबेरी नाही. पंखाला उचल कमी, पात्याला पकड कमी, इंजिनाला श्वास कमी. जानेवारीच्या सकाळी झकास वाटणारा टॉप गिअरवाला प्रोपेलर मेच्या दुपारी धावपट्टी संपली तरी जमीन सोडायला तयार नसेल.

तरी धुळंच का? कारण गोंदूरच्या विमानतळावर मोठ्या प्रवासी विमानांची गर्दी नाही, आणि 1928 साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण तिथे चालतं. शिरपूरजवळ तांड्याला आणखी एक अकादमी आहे. त्यामुळे तापीकाठच्या शेतांवर छोट्या विमानाची घरघर नवीन नाही. 16 जुलै 2021 ला शिरपूरहून निघालेलं एक प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ कोसळलं, प्रशिक्षक जागीच गेले. जखमी शिकाऊ पायलटला गावकऱ्यांनी डोंगरातून खाली आणलं, एका बाईने त्यासाठी आपलं लुगडं सोडून दिलं. ते विमान कारखान्यातलं होतं, घरचं नव्हे. तरीही काटा लावताना अशा बातम्या डोक्यात असतातच.

म्हणून सहा सीटचं घरचं विमान पहिल्यांदा उडवताना सहा माणसं बसवत नाहीत. आत फक्त पायलट. आधी धावपट्टीवर नुसतं पळवायचं, ब्रेक बघायचे, प्रोपेलरचे फेरे मोजायचे. मग छोटी फेरी, खाली उतरायचं, प्रत्येक नट तपासायचा. त्यानंतर मागच्या सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, पट्ट्याने घट्ट बांधायच्या, पुन्हा वर जायचं. पुढच्या खेपेला थोड्या जास्त पिशव्या. तोल बोटाबोटाने मागे नेत राहायचं, आणि नाक जरा जरी हलकं वाटलं, तर तो आकडा वहीत लिहून तिथेच थांबायचं.