एअर पिस्तुलाचे वॉशर: चामड्यापासून रबरी कडीपर्यंत

एअर पिस्तुलाची नळी आणि सिलिंडर नीट राखले तर दोन पिढ्या टिकतात. आधी थकते ते हवा अडवून धरणारे वॉशर, आणि त्याच्या मागोमाग स्प्रिंग. छर्रे नेहमीपेक्षा खाली लागू लागले, आवाज बदलला किंवा एका छर्‍याचा वेग दुसर्‍याशी जुळेनासा झाला, की दोष बहुधा याच दोन जागी सापडतो. त्यामुळे या पिस्तुलाच्या दुरुस्तीचा इतिहास म्हणजे मुख्यतः वॉशर कशाचे करावे, या शोधाचा इतिहास आहे.

हवेवर चालणारी हत्यारे दारूच्या बंदुकांना फार नंतर आलेला पर्याय नव्हेत. आज टिकून असलेला सर्वांत जुना नमुना सुमारे १५८० सालचा मानला जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्यात गिरार्दोनीची हवेची रायफल होती. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी असे आणि ती भरायला हातपंपाचे सुमारे पंधराशे झटके द्यावे लागत. तिची चामडी वॉशरे सुकली की हवा निसटे, म्हणून ती ओलसर ठेवणे हा शिपायाच्या कामाचा भाग होता. अशी हत्यारे राखायला प्रशिक्षित माणसे लागत. घरातल्या माणसाने स्वतः उघडावे असे पिस्तूल सर्वदूर पोहोचले ते विसाव्या शतकात, आणि त्यात बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट या कारखान्याचा वाटा मोठा आहे.

वेब्लीचे मार्क १ पिस्तूल १९२४ साली बाजारात आले. डग्लस जॉन्स्टन आणि जॉन फर्न यांची त्यातली कल्पना मोठी हुशारीची होती. नळी सिलिंडरच्या डोक्यावर बसवलेली आणि पुढच्या टोकाला बिजागरीने जोडलेली. तिचे मागचे टोक उचलून नळी पुढे ओढली की तीच तरफ होऊन दट्ट्या पुढे खेचते आणि स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढल्यावर दट्ट्या नेमबाजाच्या दिशेने मागे धावतो आणि दाबलेली हवा वरच्या नळीत शिरते. पिस्तूल आखूड राहूनही नळीला पुरेशी लांबी मिळते ती यामुळे. पुढे ज्युनिअर, सीनिअर, प्रीमिअर, हरिकेन, टेम्पेस्ट हे सगळे नमुने याच बांधणीवर निघाले.

ज्युनिअरच्या दट्ट्यावर चामड्याचे वाटीसारखे वॉशर असे, अगदी सायकलच्या पंपात असते तसे. हवेचा दाब आला की वाटीची कड फाकून सिलिंडरला चिकटते. सीनिअरमध्ये त्या जागी फॉस्फर ब्राँझची कडी आली. नंतरच्या नमुन्यांत टेफ्लॉनची. चामडे मात्र घरगुती दुरुस्ती करणार्‍याचे खरे मित्र ठरले: ते कापता येते, तेलात भिजवून मऊ करता येते, हाताने घडवता येते. कारखाना बंद पडला तरी काही अडत नाही.

दोष शोधण्याची पद्धतही याच काळात रुळली. नळी सिलिंडरला जिथे टेकते त्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवून पिस्तूल सुरक्षित दिशेने चालवायचे. पट्टी हलली तर सांध्याचे वॉशर गळते आहे. ती स्थिर राहूनही छर्रा मंद जात असेल तर दोष आत, दट्ट्याच्या वॉशरमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये. सिलिंडर उघडताना स्प्रिंग पिस्तूल न ताणताही थोडी दाबलेलीच असते. झाकण हातातून सुटले तर ती जोराने बाहेर येते, म्हणून जाणकार माणूस ती क्लँपमध्ये धरूनच सोडवतो.

सगळ्यांत जास्त नुकसान मात्र तेलाने झाले आहे. पिस्तूल मंदावले की घरातले शिवणयंत्राचे तेल आत सोडायचे, ही सवय फार जुनी. हवा क्षणात दाबली गेली की ती प्रचंड तापते आणि खनिज तेलाची वाफ पेट घेते, डिझेल इंजिनात होते तेच. आवाज मोठा येतो, छर्रा वेगाने जातो आणि मालकाला वाटते, पिस्तूल सुधारले. प्रत्यक्षात त्या भडक्यांनी वॉशर करपते आणि स्प्रिंगवर आघात होतात. चामड्याला प्राणिज तेल मुरवायचे आणि प्लास्टिकच्या वॉशरला सिलिकॉनचे अगदी थोडे, हा नियम त्या अनुभवातून आला.

१९६० च्या दशकात स्पर्धेची पिस्तुले आली आणि दुरुस्तीचे स्वरूप बदलले. जर्मनीतल्या डायना कारखान्यात कुर्ट गिस यांच्या रचनेत दोन दट्टे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने धावत. मागचा फक्त धक्का निष्प्रभ करण्यासाठी. ओबर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाऊने १९६५ मध्ये ६५ क्रमांकाचे पिस्तूल काढले. त्यात चाप ओढताच नळीसह सिलिंडर रुळांवरून मागे सरके, त्यामुळे हाताला धक्का जाणवत नसे. दोन्ही रचना अप्रतिम आहेत. पण डायनाच्या त्या काळच्या प्लास्टिक वॉशरांनी दगा दिला. एकदाही न चालवलेल्या, डब्यात नीट ठेवलेल्या पिस्तुलातही ती कालांतराने तपकिरी, मेणचट चुर्‍यात बदलली. काही जातींच्या पॉलियुरेथेनचे रेणू हवेतल्या ओलाव्याने तुटतात. आपल्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. शिवाय गिसच्या रचनेत दोन्ही दट्टे दातेरी चक्राने जोडलेले असतात. जोडताना एक दाता चुकला तरी पिस्तूल नीट चालत नाही. चामड्याच्या काळातले कौशल्य इथे पुरेसे पडत नाही.

वाल्थरच्या एलपी २ पासून, १९६७ नंतर, स्प्रिंगशिवाय एकाच झटक्यात हवा साठवणारी पिस्तुले रुळली. त्यांत सगळा भार एका रबरी वॉशरवर असतो आणि पिस्तूल वर्षानुवर्षे पडून राहिले की ते कडक होते. मग छर्रा ढकलायला कार्बन डायऑक्साइड आला. त्याचा दाब तापमानावर अवलंबून असतो; २० अंशांना सुमारे ५७ बार. उन्हाळ्यात तो बराच वाढतो आणि नेम बदलतो. म्हणून सुमारे २०० बारपर्यंत भरलेली हवेची नळकांडी आणि दाब स्थिर ठेवणारा नियामक वापरात आला. या नळकांड्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षे. मुदत संपल्यावर ते स्पर्धेत चालत नाही आणि घरी उघडण्यासारखेही नसते.

१० मीटर एअर पिस्तूल १९८८ मध्ये सेऊलला ऑलिंपिकमध्ये आले. आजच्या अनेक पिस्तुलांचा चाप इलेक्ट्रॉनिक आहे. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची नेमबाज मनू भाकर हिच्या पिस्तुलाचा कॉकिंग लीव्हर, म्हणजे ते ताणण्याची तरफ, ऐन पात्रता फेरीत तुटला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, ती ५७५ गुणांसह बाराव्या स्थानी राहिली आणि अंतिम फेरी हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला याच प्रकारात तिने कांस्यपदक मिळवले.

जुन्या पिस्तुलांसाठी आता बदली वॉशरे छोट्या कार्यशाळांत तयार होतात. ती व्हायटन या कृत्रिम रबराची किंवा ओलाव्याला टिकणार्‍या पॉलियुरेथेनची असल्याने मूळ वॉशरांपेक्षा जास्त टिकतात. वेब्लीच्या ज्युनिअरसाठी अजूनही चामड्याचेच कापले जाते.