चाकापाशी राहायला जाणे : निवासी मातीकाम शिबिरांचा इतिहास

पाठाचा हेतू

शहरातील नोकरदार माणसे आठ-दहा जणांच्या गटाने एखाद्या खेड्यात जातात, आठवडाभर तिथेच राहतात, जेवतात आणि चाकावर मातीची भांडी घडवायला शिकतात. त्यासाठी बऱ्यापैकी शुल्कही भरतात. हे चित्र आता आपल्या ओळखीचे झाले आहे. अनेकांना तो सुट्टीचा नवा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात या पद्धतीमागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो टोकियो, इंग्लंडचा किनारा, कांगडा खोरे, वर्धा आणि पुदुच्चेरी अशा लांबलांबच्या ठिकाणांना जोडतो.

या पाठात आपण तीन प्रश्न घेऊ. मातीकाम शिकण्यासाठी तिथेच राहणे ही कल्पना कुठून आली? त्यामागे तांत्रिक कारण आहे की ती केवळ हौस आहे? आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणाऱ्या कुंभाराचे या इतिहासात स्थान काय?

१. कुंभारवाड्यातील शिक्षण

आपल्याकडे मातीकामाचे शिक्षण मुळात निवासीच होते. फक्त त्याला कोणी शिक्षण म्हणत नसे. कुंभाराचे मूल चाकाच्या आवाजातच मोठे व्हायचे. माती कुठल्या तळ्यातून आणायची, ती किती दिवस भिजवायची, तिच्यात राख आणि घोड्याची लीद किती मिसळायची, पावसाळी हवेत मडकी कुठे वाळत घालायची, हे त्याला कोणी फळ्यावर लिहून दाखवले नाही.

महाराष्ट्रात कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावाला मडकी, घागरी, रांजण, पणत्या पुरवायच्या आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे, अशी व्यवस्था होती. या व्यवस्थेत ज्ञान घराबाहेर जात नसे आणि बाहेरचा माणूस ते शिकायलाही येत नसे. जातीच्या भिंतीने ज्ञान टिकवले आणि कोंडलेही. घराच्या आतही एक भिंत होती. माती चाळणे, मळणे, रंगवणे ही कामे बायका करीत, पण देशाच्या बहुतेक भागांत चाकावर बसणे पुरुषांचेच मानले जाई.

हे ज्ञान किती नेमके होते याचे एक उदाहरण आपल्या संतकथांत आहे. गोरा कुंभारांनी थापटण्याने संतांच्या डोक्यावर थापट्या मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते सांगितले, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. तिच्यामागे कारखान्यातील खरी चाचणी आहे. नीट भाजलेले, बिनभेगेचे मडके वाजवले की खणखणते, कच्चे किंवा तडकलेले बद्द वाजते. अभियांत्रिकीत आपण तिला वस्तू न मोडता केलेली चाचणी म्हणू.

२. चाक शाळेत आले

कुंभारकाम घराबाहेर शिकवण्याचे पहिले मोठे प्रयत्न ब्रिटिश काळातील कलाशाळांत झाले. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली झिलईदार भांडी तयार होऊ लागली. त्यांवर सिंधी कुंभारकामाची छाप होती आणि अजिंठ्याच्या चित्रांतून घेतलेली नक्षीही होती. ही भांडी प्रदर्शनांत आणि परदेशी बाजारात गेली. गावच्या कुंभाराच्या चुलीपर्यंत त्यातले फारसे काही पोहोचले नाही.

दुसरा प्रयत्न वेगळ्या हेतूने झाला. महात्मा गांधींनी १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला आणि १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली. हाताने काम करणारा आणि डोक्याने विचार करणारा अशी माणसांची विभागणी मोडावी, हा तिचा गाभा होता. स्वातंत्र्यानंतर याच विचारातून चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती आणि बेळगावजवळील खानापूर येथे ग्रामीण कुंभारकामाची प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली. तिथे मुख्यतः कारागीर शिकायला येत आणि सुधारित चाक, सुधारित भट्टी, झिलई हे विषय शिकत.

येथे एक फरक लक्षात घ्या. या केंद्रांत कुंभाराला नवे तंत्र शिकवायचे होते. आजच्या शिबिरात कुंभार नसलेल्याला जुने तंत्र शिकायचे असते. हा दुसरा प्रवाह कुठून आला ते आता पाहू.

३. टोकियो, सेंट आइव्ह्ज, दिल्ली

गुरचरणसिंग हे जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजातून भूविज्ञान शिकलेले तरुण. दिल्लीत रामसिंग काबुली यांचा विटा-कौलांचा आणि भांड्यांचा कारखाना होता, तिथे ते कामाला लागले. १९१९ मध्ये ते मातीकामाचे पुढील शिक्षण घेण्यासाठी जपानला गेले. तिथे त्यांची गाठ बर्नार्ड लीच, यानागी सोएत्सू, हमादा शोजी आणि तोमिमोतो केन्किची या मंडळींशी पडली. सामान्य कारागिरांनी रोजच्या वापरासाठी केलेल्या, नाव नसलेल्या वस्तूंत खरे सौंदर्य असते, हा यानागींचा विचार. त्यातून पुढे जपानमध्ये लोककलेची मोठी चळवळ उभी राहिली.

लीच यांचा मातीशी पहिला संबंध १९११ मध्ये टोकियोतील एका मेळाव्यात आला होता. पाहुण्यांनी कच्च्या भांड्यांवर चित्रे काढायची आणि ती तिथेच राकू पद्धतीने भाजून हातात घ्यायची, असा तो मेळावा होता. १९२० मध्ये लीच आणि हमादा यांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील सेंट आइव्ह्ज गावी भट्टी बांधली. महानगरापासून दूर गाव, एक लहान कारखाना, गुरूबरोबर रोज काम करणारे मोजके शिकाऊ, हा नमुना तिथे पक्का झाला आणि जगभर पसरला. लीच यांचे १९४० मधील ‘अ पॉटर्स बुक’ हे पुस्तक या नमुन्याचे जणू पाठ्यपुस्तक ठरले.

गुरचरणसिंग भारतात परतले. सरकारी खात्यांत बरीच वर्षे काम केल्यावर १९५२ मध्ये त्यांनी दिल्लीत ‘दिल्ली ब्ल्यू पॉटरी’ सुरू केली. तिथली निळी झिलई मात्र जपानची नव्हती. ती त्यांनी अब्दुल्ला नावाच्या पठाण कारागिराकडून घेतली होती. म्हणजे भारतातील स्टुडिओ कुंभारकामाच्या मुळाशी एक शिकलेला तरुण आणि एक परंपरागत कारागीर असे दोघे आहेत. १९९१ मध्ये गुरचरणसिंगांना पद्मश्री मिळाली. अब्दुल्लांविषयी आपल्याला जे कळते, ते बहुतांशी गुरचरणसिंगांच्या चरित्रातूनच.

४. अंद्रेटा

हिमाचल प्रदेशात पालमपूरजवळ, धौलाधार पर्वताच्या पायथ्याशी अंद्रेटा हे गाव आहे. नोरा रिचर्ड्स या आयरिश अभिनेत्री १९११ मध्ये पतीबरोबर लाहोरला आल्या. पती दयाळसिंग कॉलेजात इंग्रजी शिकवत. नोरांनी विद्यार्थ्यांना पंजाबीतून नाटके लिहायला आणि करायला लावले. ईश्वरचंदर नंदा हे त्यांचेच विद्यार्थी. पतीच्या निधनानंतर त्या मायदेशी गेल्या आणि परत येऊन पुढे अंद्रेटात मातीचे घर बांधून राहिल्या. त्या घराशेजारी उघड्यावर नाटके होत. फाळणीनंतर चित्रकार सोभासिंग याच गावी स्थायिक झाले. लाहोरच्या या ओळखींतून गुरचरणसिंगांचेही अंद्रेटाशी नाते जुळले.

१९८३ मध्ये गुरचरणसिंगांचे चिरंजीव मनसिमरन आणि सून मेरी यांनी अंद्रेटात कुंभारकामाचे केंद्र सुरू केले. तिथे झिलईदार लाल मातीची भांडी होतात आणि त्यांवरील नक्षीत त्या भागातील अंगणातल्या रांगोळीचा भास होतो. शिकाऊंनी महिनोन्‌महिने तिथेच राहून काम करायचे, ही तिथली पद्धत. आज आपण ज्याला ग्रामीण निवासी शिबिर म्हणतो, त्याचे हे भारतातील एक ठळक पूर्वरूप.

५. पुदुच्चेरी

दुसरे मोठे केंद्र दक्षिणेत. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडीने १९७१ मध्ये पुदुच्चेरीत ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली. डेबोरा यांनी जपानमधील बिझेन येथे काम पाहिले होते, तर मीकर वास्तुकलेकडून मातीकडे आले होते. सुरुवातीला स्थानिक तमिळ कामगारांना शिकवून जेवणाची भांडी तयार होऊ लागली. नंतर देशभरातून शिकाऊ येऊ लागले आणि कित्येक महिन्यांचा अभ्यासक्रम ठरला. आजच्या अनेक नामवंत भारतीय कुंभार-कलावंतांचे पहिले धडे तिथलेच.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मीकर यांचा आणखी एक प्रयोग वाचावा. १९८० च्या दशकात त्यांनी कच्च्या विटांची अख्खी घरे उभी करून, आत विटा-कौले रचून, ते घरच भट्टीसारखे भाजून काढले. इंधनाचा हिशेब जुळवणे अवघड होते, पण इमारत आणि भांडे यांतील भिंत त्यांनी काही काळ तरी पाडली.

६. राहायलाच का हवे?

आता तांत्रिक प्रश्न. रोज संध्याकाळी दोन तास जाऊन हे शिकता येणार नाही का? थोडेफार येते, पण मातीचे वेळापत्रक आपल्या घड्याळाला जुळत नाही.

चाकावरून उतरवलेले भांडे ओले असते. त्याचा तळ खरवडायचा तर ते बोटाने खचणार नाही इतके घट्ट आणि सुरी लावल्यावर भुगा पडणार नाही इतके ओलसर असावे लागते. ही वेळ कोरड्या वाऱ्यात काही तासांत येते, पावसाळ्यात दोन दिवसांनीही येत नाही. कधी रात्री उठून भांड्यावर ओले फडके टाकावे लागते. जवळ राहणाऱ्यालाच ही वेळ साधते.

पुढे वाळताना आणि भाजताना मिळून माती साधारण दहा-बारा टक्के आकसते. कडा आधी वाळली आणि तळ मागे राहिला की भेग पडते. भट्टीत सुरुवातीला तापमान हळू चढवावे लागते, नाहीतर उरलेल्या पाण्याची वाफ भांडे फोडते. सुमारे ५०० अंश सेल्सियसच्या आसपास मातीच्या रेणूंत बांधलेले पाणी निघून जाते. ५७३ अंशांना मातीतील क्वार्ट्झचे स्फटिक रूप बदलतात आणि एकदम फुगतात. निवताना तेच उलट घडते, म्हणून घाईने भट्टी उघडणाऱ्याच्या हाती तडकलेली भांडी येतात. झिलईदार भांडे साधारणपणे दोनदा भाजतात. स्टोनवेअर असेल तर दुसऱ्या वेळी १२०० अंशांच्या वर. प्रत्येक वेळी चढवणे आणि निववणे धरून दोन-दोन दिवस जातात.

कुंभाराचा आवा याहून सोपा दिसतो. एकदाच भाजायचे, झिलई नाही, गवत, गोवऱ्या, लाकूड हे इंधन, तापमान साधारण ७०० ते ८५० अंश. पण तो कमी दर्जाचा नाही. राख आणि लीद मिसळल्याने माती सच्छिद्र होते, वाफेला वाट मिळते आणि तेच भांडे उद्या चुलीवरचा ताव सोसते. माठातील पाणी गार होते तेही याच सच्छिद्रपणामुळे. गरजेनुसार घडवलेले हे पदार्थविज्ञान आहे.

७. जमा आणि खर्च

अशा एका शिबिराला मी स्वतः गेलो होतो. आठ जण होतो. तिसऱ्या दिवशी जवळच्या गावातील एक वयस्कर कुंभारकाका दोन तासांसाठी आले. एका मोठ्या गोळ्यातून त्यांनी दोऱ्याने कापत वीसेक सारखी भांडी उतरवली, उंची मोजायला गवताची एक काडी पुरली. मग गोळा आतून आणि थापटणे बाहेरून धरून त्यांनी मडक्याचा तळ बडवून बंद केला. आमच्यापैकी कोणालाही ते आठवडाअखेर जमले नाही. आम्ही वापरत होतो ती माती त्यांच्याच घरून आली होती. निरोपाच्या दिवशी फलकावर शिकवणाऱ्यांची नावे होती, त्यात काकांचे नाव नव्हते.

हा दोष एका आयोजकाचा नाही. नाव नसलेल्या कारागिराचे गुणगान करणाऱ्या चळवळीतूनच मोठी नावे तयार झाली, हा या इतिहासातील पेच आहे. हमादा तर आपल्या भांड्यांवर सहीदेखील करीत नसत, तरी भांडे त्यांचेच म्हणून विकले जाई. गावच्या कुंभाराचेही भांडे बिनसहीचे, पण त्याला ‘कलावंत’ म्हणत नाहीत आणि त्याची मुले प्लास्टिक-स्टीलपुढे हरून दुसऱ्या कामाला लागतात.

जमेची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जातीची भिंत या केंद्रांनी ओलांडली. चाकापासून दूर ठेवलेल्या बायका तिथे चाकावर बसल्या आणि आज भारतातील स्टुडिओ कुंभारांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. शिकलेल्या माणसाने हात मातीत घालणे, ही गांधींची अपेक्षाही थोडी पुरी झाली. मात्र अर्धीच. हातांना मान मिळाला, तो शहरातून आलेल्या हातांना.

तुम्ही अशा शिबिराला जाणार असाल तर जरूर जा. चाकावर गोळा मध्यावर आणताना जे कळते ते कुठल्याही पुस्तकात नाही. पण तिथे चार गोष्टी विचारा. माती कोणी खणली? ती कोणी मळली? भट्टीपाशी रात्रभर कोण जागते? आणि या तिघांना मोबदला किती मिळतो? उत्तर देणाऱ्या माणसांची नावे वहीत लिहून घ्या. पुढचा इतिहास लिहिणाऱ्याला ती लागतील.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातील किंवा शहरातील कुंभारवाडा शोधा. तिथे आज कोणत्या वस्तू होतात आणि चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या होत, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा.

२. आवा आणि झिलईदार भांड्यांची भट्टी यांची तापमान, इंधन, वेळ आणि उपयोग या चार मुद्द्यांवर तुलना करा.

३. गुरचरणसिंग आणि अब्दुल्ला यांच्या उदाहरणावरून, एखाद्या तंत्राचे श्रेय कोणाला आणि कसे द्यावे यावर २०० शब्दांत तुमचे मत लिहा.