उदार शिक्षण आणि रयतेचे ऋण : हंटर आयोगापासून प्रवरानगरपर्यंत

१/ सन १८८२. हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी एक अवघड प्रश्न उपस्थित केला. सरकारी महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टांतून उभा राहतो. त्या पैशावर उच्च शिक्षण घेतलेल्या वरिष्ठ वर्गांनी रयतेसाठी काय केले?

२/ बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणीही त्याच निवेदनात होती. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र शिकलेला पदवीधर समाजाचे देणे कसे फेडणार, हा प्रश्न पुढील पाऊणशे वर्षे महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. त्याला मिळालेल्या काही उत्तरांचा हा मागोवा.

३/ १८८४ मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. आजीव सभासदांनी अल्प वेतनावर वीस वर्षे अध्यापन करावे, अशी तेथील प्रतिज्ञा होती. सरकारी नोकरीची वाट मोकळी असताना तरुण पदवीधरांनी पत्करलेले हे बंधन होते.

४/ गोपाळ कृष्ण गोखले त्यांपैकी एक. त्यांनी इंग्रजी व गणित शिकवले, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही. वर्गाबाहेर न्यायमूर्ती रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली ते सरकारी अहवाल व अंदाजपत्रके बारकाईने अभ्यासत. १८९७ मध्ये लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या अर्थव्यवहाराविषयी त्यांनी दिलेली साक्ष या अभ्यासातूनच सिद्ध झाली होती.

५/ १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसनजवळच्या टेकडीवर गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. नव्या सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. त्यात ग्रंथालयातील अध्ययन होते आणि देशातील प्रवासही. जात व धर्म यांचा भेद न करता सर्वांच्या उन्नतीसाठी झटण्याची शपथ होती. सेवेला सद्भावनेइतकीच अभ्यासाचीही गरज असते, हे गृहीतक या रचनेच्या मुळाशी होते.

६/ १९११ मध्ये गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्याची व्याप्ती मर्यादित होती. सक्ती मुख्यतः सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती आणि तीही स्थानिक संस्थांच्या इच्छेवर सोडलेली. तरीही १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांत काही भारतीय सभासदही होते. फुले यांच्या मागणीला तोवर तीस वर्षे होत आली होती.

७/ १९०९ मध्ये नारायण मल्हार जोशी भारत सेवक समाजात दाखल झाले. डेक्कन कॉलेजचे पदवीधर, पेशाने शिक्षक. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली. गिरणगावातील कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, फिरती ग्रंथालये अशी कामे लीगने हाती घेतली.

८/ परंतु रात्रशाळेत येणारा कामगार दिवसभराच्या पाळीने थकलेला असे. अक्षरओळखीची आड वाट कामाचे तास, मजुरी आणि चाळीतली खोली यांच्यापर्यंत जाऊन पोहोचत होती. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत जोशी होते.

९/ त्याच सुमारास मद्रासमध्ये बकिंगहॅम गिरणीच्या वादात उच्च न्यायालयाने कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम काढला. संघटना बांधणे हाच गुन्हा ठरण्याची वेळ आली. मार्च १९२१ मध्ये जोशी यांनी केंद्रीय कायदेमंडळात कामगार संघटनांना कायदेशीर संरक्षण देण्याचा ठराव मांडला. १९२६ मध्ये तसा कायदा झाला. रात्रशाळेपासून सुरू झालेले काम पंधरा वर्षांत हक्काच्या भाषेपर्यंत आले होते.

१०/ या परंपरेची मर्यादाही नोंदवली पाहिजे. तिचे आरंभीचे कार्यकर्ते बहुतांशी उच्चवर्णीय पुरुष होते. सेवा कितीही निरपेक्ष असली, तरी देणारा एका बाजूला आणि घेणारा दुसऱ्या बाजूला, ही विभागणी तिच्यात राहतेच.

११/ म्हणून १९२४ हे वर्ष महत्त्वाचे. परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकाराने सभा भरली आणि तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा आकारास आली. कोलंबिया व लंडन येथे अर्थशास्त्राचा अभ्यास करून आलेला हा विद्वान ज्या समाजासाठी बोलत होता, त्याच समाजातून आला होता. वसतिगृहे व वाचनालये सभेच्याही कार्यक्रमात होती. मात्र येथे ती कोणाच्या दयेवर अवलंबून नव्हती.

१२/ १९३० मध्ये भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. संचालक धनंजयराव गाडगीळ. संस्थेने ग्रामीण अर्थव्यवहाराच्या पाहण्या केल्या. वाई तालुक्यातील शेतीची पाहणी ही त्यांपैकी एक. पुढे विठ्ठलराव विखे पाटील व परिसरातील शेतकऱ्यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा पहिले अध्यक्षपद गाडगीळ यांनी सांभाळले. १९५० च्या अखेरीस तेथे गाळप सुरू झाले.

१३/ प्राध्यापकाजवळ सिद्धान्त होता; शेतकऱ्याजवळ ऊस, भागभांडवल आणि अनुभव. एकाच संचालक मंडळाच्या टेबलाभोवती दोघे बसले, यात फुले यांच्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी सापडते.

१४/ १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनेद्वारे समाजसेवा महाविद्यालयांत औपचारिकपणे आली. शिबिरे होतात, तास नोंदवले जातात, प्रमाणपत्रे मिळतात. वरील इतिहास त्यापुढचे एक पाऊल सुचवतो. गावातील श्रमदानानंतर त्या गावात पाणी का नाही, हा प्रश्न विद्यार्थी वर्गात परत आणतो का? जोशी यांनी रात्रशाळेतला प्रश्न कायदेमंडळात नेला होता. उदार शिक्षणाचे नागरिकत्वाशी नाते तेथेच जुळते.