ड्यूस हॉट रॉड

फोर्ड कंपनीच्या 1932 सालच्या मोटारीची चॅसी, चाके आणि इंजिन बदलून घडवलेली वेगवान गाडी. अमेरिकेत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, हा प्रकार दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे रूढ झाला. साल बत्तीस, शेवटचा आकडा दोन, म्हणून शौकीन तिला ‘ड्यूस’, म्हणजे दुर्री, म्हणतात. रंग, क्रोम आणि इंजिनाची गर्जना यांचीच तारीफ जास्त होते. पण रॉड चांगला की वाईट, हे पत्र्याखाली ठरते. गाडी जमिनीपासून किती उंच बसली, वळणावर चाके कशी वागतात, ब्रेक दाबल्यावर ती सरळ थांबते का, याची उत्तरे चॅसीत आणि चाकांच्या निवडीत सापडतात.

हेन्री फोर्डने मार्च 1932 च्या अखेरीस ही गाडी बाजारात आणली. तिच्यात 221 घन इंचांचे, 65 अश्वशक्तीचे व्ही-8 इंजिन होते आणि साध्या रोडस्टरची किंमत होती 460 डॉलर. सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल अशा दरात आठ सिलिंडर देणारी ही पहिली मोठ्या खपाची गाडी. काही वर्षांत ती जुन्या गाड्यांच्या बाजारात आणि भंगारवाल्यांकडे आली, तेव्हा खिशात फारसे काही नसलेली तरुण पोरे ती उचलू लागली. मडगार्ड, बॉनेटचे बाजूचे पत्रे, बंपर असे वेगाला नको ते सारे उतरवून ही मुले मोहावे वाळवंटातल्या म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर वेळ लावून गाड्या पळवत. या मुलांच्या क्लबांची शिखर संघटना, सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, 1937 मध्ये स्थापन झाली. युद्धानंतर, जानेवारी 1948 मध्ये रॉबर्ट पीटरसन आणि रॉबर्ट लिंडसे यांनी ‘हॉट रॉड’ मासिक सुरू केले, आणि 1949 पासून यूटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या पठारावर ‘स्पीड वीक’ भरू लागला.

बत्तीसच्याच गाडीला एवढा मान का, याचे एक कारण तिच्या चॅसीच्या दोन लांब दांड्यांत आहे. आधीच्या ‘मॉडेल ए’मध्ये दांडे पत्र्याच्या पट्टीआड लपलेले असत. बत्तीसमध्ये ते उघडे राहिले, म्हणून फोर्डच्या आरेखकांनी त्यांवर लांबलचक उठावदार रेघ दाबून घेतली आणि दांड्याला बॉडीच्या बाजूने वाहणारा बाक दिला. त्यामुळे मडगार्ड काढले तरी ही गाडी उघडीबोडकी दिसत नाही. 1928-29 च्या ‘मॉडेल ए’ची हलकी बॉडी बत्तीसच्या चॅसीवर बसवण्याची चालही त्यातूनच पडली.

मात्र ती चॅसी 65 अश्वशक्तीसाठी बनलेली. दांडे एका बाजूने उघड्या पन्हळीच्या आकाराचे असल्याने ताकदवान इंजिन बसवताच ते पिळतात. म्हणून उघड्या बाजूला पोलादी पट्टी वेल्ड करून दांडा चारी बाजूंनी बंद केला जातो आणि मधले आडवे बांधकाम नव्याने घातले जाते. वेल्डिंग घाईने, एकाच टोकाकडून करत नेले तर उष्णतेने दांडा वाकडा होतो. म्हणून चॅसी जिगमध्ये, म्हणजे पक्क्या साच्यात, जखडून टाके टप्प्याटप्प्याने, आलटून-पालटून मारतात. अनुभवी कारागीर इथेच सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि तो घालवलाच पाहिजे.

गाडी खाली बसवण्याचे मार्ग अनेक. पुढचा अखंड अ‍ॅक्सल टोकांशी तापवून ताणला, की मधला भाग खाली उतरतो आणि चॅसीही त्याच्यासोबत खाली येते. सॅन दिएगोचा एड स्ट्युअर्ट या कामासाठी प्रसिद्ध होता. मागे चॅसी अ‍ॅक्सलच्या अलीकडे कापून पायरीसारखी वर चढवून जोडतात. तिसऱ्या मार्गात बॉडीचा तळ कापून ती दांड्यांवरून खाली सरकवतात. यात उंची झपाट्याने कमी होते. पण बसणाऱ्याच्या पायांची जागा जाते आणि बत्तीसचा तो देखणा दांडाही झाकला जातो. चॅसीवर बॉडी मुळासारखीच ठेवलेला, बिनमडगार्डाचा ‘हायबॉय’ म्हणूनच उजवा ठरतो.

फोर्डच्या मूळ रचनेत पुढे-मागे एकेक आडवा पाटा आणि अ‍ॅक्सल धरणारी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची जोडदांडी असे. नव्या इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला जागा हवी म्हणून ती मधोमध चिरून दोन टोके चॅसीच्या दोन्ही बाजूंना बांधतात. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर गेले, की अशा बांधणीत अ‍ॅक्सलला स्वतःभोवती पीळ बसतो. घडीव, आय-आकाराचा अ‍ॅक्सल तो पीळ सोसतो. नळीचा अ‍ॅक्सल सोसत नाही. मग ताण जोडांवर येतो आणि कधीतरी तिथे तडा जातो. नळीच्या अ‍ॅक्सलला चार समांतर दांड्यांची बांधणी देतात ती यासाठी. मागेही तसेच. जुन्या फोर्डमध्ये प्रोपेलर शाफ्ट बंद नळीत असे आणि ती नळीच अ‍ॅक्सलला ढकलण्या-ओढण्याचा जोर पेलत असे. नवा गिअरबॉक्स घालताना ती काढली, की अ‍ॅक्सलला धरून ठेवणाऱ्या वेगळ्या दांड्या द्याव्याच लागतात.

चाकांचा प्रश्न चॅसीपासून तोडता येत नाही. बत्तीसला 18 इंची तारांची चाके होती. रॉडवाल्यांनी फोर्डचीच 1935 ची 16 इंची तारांची किंवा 1940 ची पोलादी चाके पसंत केली. 1940 च्या चाकाचे पाच बोल्ट साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळात असल्याने ते बत्तीसच्या हबवर बसते. शर्यतीच्या जगातून टेड हॅलिब्रँडची मॅग्नेशियमची हलकी चाकेही आली. पुढे लहान आणि मागे मोठे टायर ही या गाडीची ओळखच. मागच्या टायरचा व्यास 28 ऐवजी 30 इंच केला, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी 2.23 मीटरऐवजी 2.39 मीटर जाते, म्हणजे इंजिन तेवढेच फिरूनही वेग सात टक्क्यांनी वाढतो. मात्र गाडी नाकावर झुकते, पुढचे चाक ज्या खिळीभोवती वळते त्या किंगपिनचा मागे कललेला कोन कमी होतो आणि वेगात स्टिअरिंग भरकटू लागते. तो कोन पुन्हा पाच ते सात अंशांच्या घरात आणल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. दुसरा नियम सुरक्षिततेचा : टायर पूर्ण बसला आणि गाडी रिमवर आली, तरी चॅसीचा, पाट्याचा किंवा स्टिअरिंगचा कोणताही भाग जमिनीला लागता कामा नये.

बत्तीसचे ब्रेक दांड्यांनी चालणारे, यांत्रिक होते. फोर्डने 1939 मध्ये हायड्रॉलिक ब्रेक दिले आणि ते जुन्या अ‍ॅक्सलवर थोड्या खटपटीत बसू लागले. बहुतेक रॉडवर पहिला बदल हाच होई. 1955 साली शेवरलेचे छोटे, हलके व्ही-8 आले आणि फोर्डच्या जुन्या इंजिनाची सद्दी हळूहळू संपली.

भंगारातून आलेल्या या गाडीला प्रतिष्ठा मिळायला वेळ लागला. 1973 च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ चित्रपटातल्या पिवळ्या बत्तीस कूपने ती घरोघरी पोहोचली. 1997 मध्ये पेबल बीचच्या उच्चभ्रू प्रदर्शनात हॉट रॉडसाठी प्रथमच स्वतंत्र वर्ग ठेवला गेला. आज बत्तीसचे दांडे आणि पोलादी बॉड्याही नव्याने तयार मिळतात, त्यामुळे मूळ गाडी न कापता रॉड उभा करता येतो. उरलेल्या अस्सल गाड्यांसाठी ही मोठीच सोय झाली.

भारतात असा रॉड रस्त्यावर आणणे अवघड आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, कंपनीने ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची विशेष नोंदणी दिली. पण तीही चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांनाच. मुंबई-पुण्यातल्या हौशी मंडळींचा कल त्यामुळे जुनी गाडी मूळ रूपात परत आणण्याकडे राहिला आहे.