फोटोत पुढे काय ठेवायचे?

आमच्या शाळेतल्या मुलांच्या हातात आता मोबाइल आले आहेत. ईदगाहवरचे, उरुसातले, स्नेहसंमेलनातले फोटो तीच काढतात. फोटो उठावदार कसा येतो, हे ती व्हिडिओ बघून शिकतात : चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडा, माणूस मधोमध ठेवू नका, पुढच्या बाजूला काहीतरी घ्या म्हणजे चित्राला खोली येते. सल्ला चुकीचा नाही. पण हे पुढचे 'काहीतरी' तिथे आले कसे, हे कुणी विचारत नाही. मी भाषा शिकवणारा माणूस. तरी इतिहासातले दोन फोटो मी मुलांना आवर्जून दाखवतो. एक लखनौचा, एक श्रीनगरचा.

लखनौचा फोटो 1858 सालचा. काढणारा फेलिचे बेआतो. हा क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढून आलेला युरोपीय छायाचित्रकार. इंग्रजांनी मार्च 1858 मध्ये लखनौ पुन्हा ताब्यात घेतले, त्यानंतर तो तिथे पोहोचला. सिकंदर बाग ही वाजिद अली शाह यांची बाग. 16 नोव्हेंबर 1857 रोजी कॉलिन कॅम्बेलच्या फौजेने तिच्यावर हल्ला केला आणि तटबंदीच्या आत अडकलेल्या सुमारे 2000 बंडवाल्या शिपायांना मारले. उदादेवींच्या शौर्याची कथा सांगतात, ती याच बागेतली.

आता फोटो बघा. मागे तोफांनी खिळखिळी केलेली खांबांची इमारत. मधे चार हिंदुस्थानी माणसे आणि एक घोडा. आणि अगदी पुढे, जमिनीवर पसरलेली हाडे आणि कवट्या. रचना म्हणून बघितले तर काहीच खोट काढता येत नाही. नजर खालच्या पांढऱ्या हाडांवर पडते, तिथून माणसांकडे जाते, तिथून खांबांवरून वर चढते. माणसे लहान दिसतात म्हणून इमारत केवढी मोठी आहे ते कळते. ही माणसे योगायोगाने तिथे उभी नव्हती. त्या काळी काचेवर रसायनाचा थर देऊन फोटो घेत, आणि प्रकाश काही सेकंद आत घ्यावा लागे. हलले की माणूस पुसट. म्हणजे त्यांना तिथे उभे करून 'हलू नका' असे बजावलेले असणार.

आणि हाडे? कत्तल नोव्हेंबरातली, फोटो चार-पाच महिन्यांनंतरचा. जॉर्ज कॅम्बेल नावाचे इंग्रज अधिकारी त्या वर्षी लखनौत होते. (हे वरच्या सेनापतीहून वेगळे.) त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की मृतदेह नीट झाकले गेले होते, पण छायाचित्रकाराने हट्ट धरून फोटोसाठी ते पुन्हा उघडे करायला लावले. हे वाचल्यावर मला तो फोटो पूर्वीसारखा बघता येत नाही. त्या हाडांत हिंदूही असतील, मुसलमानही असतील. मय्यतीची बेअदबी आपल्याकडे किती मोठी गोष्ट मानतात, हे वेगळे सांगायला नको. इथे ती 'पुढच्या बाजूला काहीतरी हवे' म्हणून झाली. बेआतोच्या लखनौच्या फोटोंत गोऱ्या सैनिकांची प्रेते मात्र दिसत नाहीत.

त्याच्या आधी, 1855 मध्ये, रॉजर फेंटनने क्रिमियातल्या एकाच रस्त्याचे दोन फोटो काढले होते. एकात तोफगोळे रस्त्यावर पसरलेले, दुसऱ्यात रस्ता मोकळा. गोळे कुणी हलवले, यावर अजून वाद होतात. ते निदान लोखंड होते.

लखनौत तेव्हा कॅमेरा फक्त गोऱ्यांकडेच होता असेही नाही. अहमद अली खान, लोक ज्यांना छोटे मियाँ म्हणत, ते 1857 च्या आधीपासून तिथे फोटो काढत होते. नवाबी घराण्यातली माणसे आणि शहरातले इंग्रज, दोघेही त्यांच्यासमोर बसले. 1874 मध्ये दारोगा अब्बास अली यांनी लखनौच्या पन्नास फोटोंचा अल्बम छापला. शालेय पुस्तकांत ही नावे मला कुठे भेटली नाहीत.

दुसरा फोटो 1948 चा. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार तेव्हा हिंदुस्थानात होता. गांधीजींच्या हत्येच्या दिवशी तो त्यांना भेटून आला होता आणि अंत्ययात्रेचे त्याचे फोटो जगभर गाजले. त्याच वर्षी त्याने श्रीनगरच्या हरी पर्वतावर एक फोटो घेतला. डोंगराच्या उतारावर काही बायका, अंगभर कापड लपेटलेल्या, बहुतेक पाठमोऱ्या. एकीचे हात पुढे उघडलेले. पलीकडे दरी, दूरचे डोंगर, ढग.

मुलांनी या फोटोपुढे जास्त वेळ थांबावे असे मला वाटते. इथेही पुढे माणसे आहेत आणि मागे खोली आहे, पण कुणालाही हलवलेले नाही. कार्तिए-ब्रेसाँ लहानसा लायका कॅमेरा वापरायचा, फ्लॅश टाळायचा, आणि काढलेला फोटो नंतर कापणे त्याला आवडत नसे. तरुणपणी तो चित्रकला शिकला होता. चौकट जुळवायची ती बटण दाबण्याआधी, स्वतःच्या पायांनी. दोन पावले डावीकडे सरकले की दोन डोकी एकमेकांत मिसळत नाहीत. थोडे खाली बसले की उघडे हात झाडाझुडपांत हरवत नाहीत, आकाशावर मोकळे दिसतात. आमच्या ईदगाहवर मुले भिंतीवर चढून सगळ्या गर्दीचा फोटो घेतात आणि त्यात टोप्यांशिवाय काही दिसत नाही. खाली उतरून, सफेच्या कडेला बसून, एका म्हाताऱ्या नमाजीची आणि त्याच्या नातवाची गळाभेट होईपर्यंत थांबले, तर वेगळा फोटो मिळेल. थांबणे मात्र व्हिडिओत शिकवत नाहीत.

पण या सुंदर फोटोतही एक गोष्ट मला खटकते, आणि ती चौकटीच्या बाहेरची आहे. त्याच्याखाली सहसा जे कॅप्शन छापतात त्याचा आशय असा : हिमालयामागून उगवणाऱ्या सूर्याच्या दिशेने प्रार्थना करणाऱ्या मुस्लिम स्त्रिया. वाचणाऱ्याला वाटावे, या बायका सूर्याची उपासना करताहेत. आता श्रीनगरहून मक्का पश्चिमेकडे पडते, म्हणजे किब्ला पूर्वेला नाहीच. शिवाय सूर्य उगवत असतानाच्या वेळेत नमाज पढायला मनाई आहे, हे मदरशातले लहान मूलही सांगेल. हरी पर्वताच्या उतारावर मखदूम साहेबांची जियारत आहे, तिथे बायका पिढ्यान्‌पिढ्या येत आल्या आहेत. उघडे हात दुआचे असतात, आणि दुआ कुठल्याही दिशेला तोंड करून मागता येते. कॅप्शन लिहिणाऱ्याने श्रीनगरातल्या कुठल्याही नावाड्याला विचारले असते, तरी त्याला हे कळले असते.