भविष्यकथनाची कसोटी : अलामेडा काउंटी ते पुणे

कॅलिफोर्नियातील डब्लिन हे अलामेडा काउंटीच्या पूर्व भागातील शहर. १९८२ साली त्याला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला आणि २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ७२ हजारांहून अधिक नोंदली गेली. संगणक, औषधनिर्माण आणि संशोधन या क्षेत्रांत काम करणारी भारतीय कुटुंबे येथे मोठ्या संख्येने राहतात. ग्रीन कार्डची लांबलेली प्रतीक्षा, अचानक होणारी नोकरकपात, मुलामुलींची लग्ने आणि मायदेशी असलेल्या वृद्ध आईवडिलांची काळजी या प्रश्नांना निश्चित उत्तर नसते. अशा वेळी जन्मवेळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून पत्रिका दाखवणे किंवा एखाद्या ‘महाराजां’च्या ऑनलाइन दरबारात प्रश्न विचारणे सहज शक्य झाले आहे.

या व्यवहाराकडे श्रद्धा म्हणून पाहावे की भाबडेपणा म्हणून, हा वाद जुना आहे. त्याआधी विचारावा असा एक साधा प्रश्न आहे : वर्तवलेले भविष्य खरे ठरते का, आणि ते कसे तपासायचे? योगायोग असा की, या प्रश्नाशी निगडित दोन महत्त्वाच्या घटना डब्लिनच्याच काउंटीत घडल्या. तिसरी पुण्यात घडली.

ओकलंडचा भविष्यवेत्ता

डब्लिनहून बार्टच्या गाडीने पश्चिमेला निघाले की ओकलंड लागते. ‘फॅमिली रेडिओ’ या ख्रिस्ती नभोवाणी संस्थेचे मुख्यालय तेथे होते. तिचे प्रमुख हॅरोल्ड कॅम्पिंग हे धर्मगुरू नव्हते. त्यांनी १९४२ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. पुढे बांधकाम व्यवसाय करून ते नभोवाणीकडे वळले आणि बायबलमधील आकड्यांवरून जगाच्या अंताची तारीख काढू लागले.

त्यांनी आधी सप्टेंबर १९९४ कडे बोट दाखवले होते. तो महिना सुरळीत पार पडला. पुढे त्यांनी नवे गणित मांडले : नोहाचा जलप्रलय इसवी सनपूर्व ४९९० मध्ये झाला, त्यानंतर ७,००० वर्षांनी निवाड्याचा दिवस येणार आणि शून्य हे वर्ष नसल्यामुळे तो २०११ मध्ये पडणार. २१ मे २०११ रोजी निवडक भाविक स्वर्गात उचलले जातील आणि २१ ऑक्टोबरला जग नष्ट होईल, असे त्यांनी जाहीर केले. जगभर हजारो फलक लागले. न्यूयॉर्कमधील एका निवृत्त परिवहन कर्मचाऱ्याने आपल्या बचतीतील १ लाख ४० हजार डॉलर या प्रचारावर खर्च केल्याचे वृत्तपत्रांनी नोंदवले.

२१ मे उलटला. निवाडा झाला, पण तो आध्यात्मिक स्वरूपाचा होता, असा खुलासा कॅम्पिंग यांनी केला. २१ ऑक्टोबरही गेला. मार्च २०१२ मध्ये त्यांनी श्रोत्यांना पत्र लिहून तारीख सांगणे हे चुकीचे आणि पापकारक होते, अशी कबुली दिली. डिसेंबर २०१३ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दरम्यान ज्यांनी बचत खर्च केली होती, त्यांचा पैसा परत आला नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, अभियांत्रिकीची पदवी आणि बिनचूक बेरीज-वजाबाकी यांमुळे निष्कर्ष खरा ठरत नाही. मूळ गृहीतकच निराधार असेल तर त्यावर उभे केलेले शुद्ध गणितही व्यर्थ जाते. दुसरी, कॅम्पिंग यांनी निदान तारीख सांगितली, म्हणून त्यांची चूक साऱ्या जगाला दिसली. बहुतेक भविष्यवेत्ते तेवढेही धाडस करत नाहीत.

भाकीत फसले तरी श्रद्धा का टिकते?

१९५४ साली शिकागोजवळच्या एका लहान पंथाने २१ डिसेंबरला महापूर येणार असे मानले होते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांचे सहकारी त्या गटात सामील होऊन निरीक्षण करत होते. पूर आला नाही. तेव्हा आपल्या प्रार्थनेमुळेच जग वाचले, असे त्या गटाने ठरवले आणि काही सदस्य अधिकच उत्साहाने प्रचाराला लागले. ज्याने श्रद्धेपायी नोकरी, पैसा वा प्रतिष्ठा पणाला लावलेली असते, त्याला चूक मान्य करणे सर्वांत महाग पडते, असे स्पष्टीकरण या अभ्यासावरील १९५६ च्या ग्रंथात मांडले गेले.

भारतीय वाचकांना १९६२ ची अष्टग्रही आठवत असेल, किंवा घरातील वडीलधाऱ्यांकडून त्यांनी ती ऐकली असेल. त्या वर्षी फेब्रुवारीच्या प्रारंभी सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ ग्रह मकर राशीत एकत्र आले. प्रलय होणार या भीतीने देशभर यज्ञयाग झाले. काहीच अनिष्ट घडले नाही, तेव्हा संकट यज्ञांमुळे टळले, असे म्हणणारेही निघाले. घडले तरी खरे आणि न घडले तरी खरे, अशी ज्याची रचना असते, त्या भाकिताची परीक्षाच होऊ शकत नाही.

बर्कलीतील प्रयोग

मग परीक्षा होईल अशी रचना करता येते का? डब्लिनच्याच काउंटीतील बर्कली येथे शॉन कार्लसन या भौतिकशास्त्रज्ञाने ती करून दाखवली. त्यांचा अहवाल ५ डिसेंबर १९८५ रोजी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रयोगाची आखणी ज्योतिष्यांच्या सल्ल्याने झाली होती आणि भाग घेणारे २८ ज्योतिषी त्यांच्याच संघटनेने सुचवलेले, नावाजलेले होते.

ज्योतिष्याला एका व्यक्तीची कुंडली आणि तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या मानसशास्त्रीय चाचणीचे निष्कर्ष दिले जात. त्या तिघांतील कोणाचा निष्कर्ष कुंडलीशी जुळतो, हे त्याने सांगायचे. कोणता निष्कर्ष कोणाचा, हे ज्योतिष्याला ठाऊक नव्हते आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या संशोधकालाही नव्हते. डोळे मिटून निवड केली तरी तीनांतून एक उत्तर बरोबर येणारच. आपण निम्म्या वेळा तरी अचूक ठरू, असा ज्योतिष्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात उत्तरे सुमारे एक तृतीयांशच बरोबर आली, म्हणजे निव्वळ योगायोगाइतकीच. ज्या उत्तरांबद्दल त्यांना अधिक खात्री वाटत होती, तीही अधिक अचूक नव्हती.

या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले. सहभागी व्यक्तींना त्यांचा स्वतःचा चाचणी-निष्कर्षही नीट ओळखता आला नव्हता, त्यामुळे त्या चाचणीच्या उपयुक्ततेविषयी शंका उपस्थित झाली. भारतीय वाचकाच्या मनात आणखी एक आक्षेप येतो : ही पाश्चात्त्य सायन पद्धती होती, आपले निरयन ज्योतिष वेगळे.

पुण्यातील चाचणी

या आक्षेपाला उत्तर देणारी चाचणी २००८ साली पुण्यात झाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. २०० मुलांची जन्मटिपणे गोळा करण्यात आली. त्यांतील १०० मुले शाळेत हुशार म्हणून गणली गेलेली, तर १०० मतिमंद मुलांच्या संस्थांतील होती. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतील ४० कुंडल्या पाठवायच्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातील, एवढेच त्याने सांगायचे. प्रश्न जाणीवपूर्वक ठळक निवडला होता. कुंडलीवरून बुद्धीचा विचार करता येतो, हा ज्योतिषाचा नेहमीचाच दावा आहे.

५१ ज्योतिष्यांनी कुंडल्या मागवल्या. उत्तरे २७ जणांनी पाठवली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी ४० पैकी सरासरी २० बरोबर आली असती. सर्वाधिक यश ४० पैकी २४ एवढे होते आणि सर्वांची सरासरी निम्म्याहूनही कमी भरली. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. हा अहवाल मार्च २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

ग्रहांची स्थिती वर्तवणारे गणित आणि त्यावरून माणसाचे भाग्य सांगणारे फलित यांत गल्लत होऊ नये. ग्रहण मिनिटागणिक अचूक सांगता येते, ते गणिताचे यश आहे. त्या यशाची प्रतिष्ठा फलिताकडे आपोआप जात नाही.

तरीही ‘अगदी तंतोतंत’ का वाटते?

मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘त्याचे’ वर्णन लिहून दिले. ते कितपत जुळते, याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वस्तुतः सर्वांना एकच मजकूर दिला होता आणि तो भविष्याच्या पुस्तकातील विधानांवरून जुळवलेला होता. ‘कष्ट करता, पण यश मिळत नाही’, ‘जवळच्या माणसाकडून मनस्ताप आहे’ अशी वाक्ये बहुतेकांना लागू पडतात. त्यात बरोबर निघालेले लक्षात राहते आणि चुकलेले विस्मरणात जाते.

कायदा काय म्हणतो?

कॅलिफोर्नियातील अझुसा या शहराने पैसे घेऊन भविष्य सांगण्यावर बंदी घातली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारी म्हणून रद्द केली. मात्र भविष्यकथनाचा बहाणा करून फसवणुकीने पैसे उकळणे हा राज्याच्या दंडसंहितेच्या कलम ३३२ नुसार चोरीप्रमाणेच शिक्षापात्र आहे.

महाराष्ट्राने वेगळ्या वाटेने जवळपास तोच मुक्काम गाठला. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षे झटणाऱ्या दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. मे २०२४ मध्ये पुण्यातील विशेष न्यायालयाने या हत्येबद्दल दोघांना जन्मठेप सुनावली. अघोरी उपचार, चमत्काराच्या नावाने केलेली फसवणूक, भूत काढण्यासाठी मारहाण अशा कृत्यांना या कायद्यान्वये सहा महिने ते सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे. जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले यांनी दिलेला ज्योतिषविषयक सल्ला मात्र कायद्यातून स्पष्टपणे वगळला आहे.

म्हणजे कायदा दोन्हीकडे फसवणूक आणि इजा यांच्यापुरताच आहे. सांगितलेले भविष्य खरे की खोटे, हे ठरवण्याचे काम सल्ला घेणाऱ्याकडेच उरते.

घरच्या घरी करता येणारी पारख

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पुढील गोष्टी पुरेशा आहेत.

• भाकीत तारखेसह आणि स्पष्ट शब्दांत आधीच लिहून ठेवावे. ‘पुढील काळ अनुकूल’ हे भाकीत नव्हे.
• कोणती घटना घडली तर भाकीत चुकले असे मानायचे, हे आधी विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर तपासण्यासारखे काही उरतच नाही.
• तेच जन्मटिपण एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन ज्योतिष्यांना दाखवून उत्तरे ताडून पाहावीत.
• भाकितापाठोपाठ शांती, रत्न किंवा विशेष पूजेचा खर्च सांगितला गेला, तर भीती आणि विक्री एकाच व्यक्तीकडून होत आहे, हे ओळखावे.
• आजार, नैराश्य, व्हिसा आणि वैवाहिक हिंसा या बाबतींत डॉक्टर, समुपदेशक वा वकील यांच्याकडे जाण्यास विलंब करू नये.

सत्यनारायणाची पूजा, वारी वा नामस्मरण यांना या कसोटीची बाधा पोचत नाही, कारण त्यांत उद्याचे भाकीत नसते. भोंदू साधूंचा समाचार तुकोबांनी घेतला, तो भक्तीच्या बाजूने उभे राहूनच. दूरदेशी पत्रिका पाठवणाऱ्या माणसाला बहुधा भविष्यापेक्षा धीर हवा असतो, आणि तो देण्यासाठी मित्र, कुटुंब आणि देवघर आहेत. पण ग्रहांच्या नावाने कोणी नोकरी सोडायला, स्थळ नाकारायला किंवा औषध थांबवायला सांगत असेल, तर त्याने याआधी सांगितलेली किती भविष्ये खरी ठरली, हा हिशेब मागण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.